तीन सेंटिमीटर भूक

उज्ज्वला खुर्चीत बसली तेव्हाच मंदाला खटकलं. एरवी ही नणंद आरोग्य केंद्रात आली की आधी पंख्याखाली उभी राहायची, दोन्ही लेकींच्या तक्रारी सांगायची आणि मग कुठे केस द्यायला बसायची. आज ती सरळ आली, बसली आणि मानेवरची वेणी स्वतःच उचलून धरली.

“काहून गं, आज तोंड शिवून आली का?” मंदानं विचारलं.

“मेसवर जायचं हाय, वैनी. लवकर घे.”

मंदानं टाळूच्या मागच्या बाजूची, आगकाडीएवढी जाड बट निवडली. मुळाकडच्या टोकाला लाल दोरा बांधला आणि अगदी कातडीलगत कात्री चालवली. बटीचे मुळाकडचे तीन सेंटिमीटर कापून यंत्रात ठेवले. यंत्र दिसायला मिक्सरएवढं. आत एक बारीक लेझर केसाचा कण कण जाळत जायचा आणि निघालेला धूर तपासायचा. दहा मिनिटांत पडद्यावर रेघ उमटली. आधीचा दीड महिना सपाट. मग गेल्या पाच-सहा आठवड्यांत रेघ चढत गेली होती, ती थेट वरच्या कडेपर्यंत. खाली तांबड्या अक्षरांत शब्द आला : संशय.

उज्ज्वलानं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “झालं ना?” म्हणाली आणि चपला सरकवून निघून गेली.

मंदा फुलबांधे ही केशसेविका होण्याआधी चंद्रपूरच्या सातनळी वस्तीत स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. नवरा दिगांबर याचं बाजारात पुरुषांचं सलून. केस कुठून कापला तर जागा दिसत नाही, कुठला केस नवा आणि कुठला जुना, हे तिला बोटांनी कळायचं. म्हणूनच ‘आरोग्य छत्र’ योजना वस्तीत आली तेव्हा तिला या कामावर घेतलं होतं.

योजना तशी साध्या विचारातून निघाली होती. सरकारी आरोग्य विम्याच्या लोकांना एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसत होती. तीच ती माणसं पुन्हा पुन्हा भरती होतात. दवाखान्यात बरं करून पाठवावं, तर माणूस त्याच तापलेल्या टिनाच्या खोलीत जातो, त्याच रिकाम्या डब्यापुढे बसतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा खाटेवर येतो. मग कुणीतरी म्हणालं, जे पुन्हा भरती होऊ देत नाही तेही औषधच. तेव्हापासून विम्याच्या चिठ्ठीवर डॉक्टरला गोळ्यांबरोबर तांदूळ, डाळ, तेल, अंडी लिहिता येऊ लागली. खोलीसुद्धा लिहिता येऊ लागली, स्लॅबची, दोन खिडक्यांची, वर पांढरा रंग मारलेली. तिचं भाडं विमा भरायचा.

पण विमा म्हटला की पुरावा आला. तो पुरावा केसात सापडला.

केस मुळाशी तयार होतो तेव्हा शरीरात त्या दिवशी जे चाललेलं असेल ते त्यात गोठून जातं. मग तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत राहतो. शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं की ते स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागतं. आपल्या अंगातला नायट्रोजन दोन वजनांचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. हलका लघवीवाटे लवकर बाहेर जातो, जड मागे राहतो. स्वतःलाच खाणाऱ्या शरीरात या जड नायट्रोजनचं प्रमाण चढत जातं आणि तसंच केसात उतरतं. शास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक होतं. पूर्वी ते मोजायला खोलीभर यंत्रं लागायची, आता मिक्सरएवढं एक पुरायचं. माणूस कॅमेऱ्यापुढे रडून खोटं बोलू शकतो, केस बोलत नाही, असं योजनेच्या प्रशिक्षणात मंदाला शिकवलं होतं.

नियम असा, की दर तीन महिन्यांनी घरातल्या कर्त्या बाईचा तीन सेंटिमीटर केस वाचायचा. लागोपाठ दोनदा रेघ सपाट आली की त्या घराचा ‘अभाव बरा झाला’ असं समजायचं. धान्य बंद, आणि महिन्याभरात खोली रिकामी.

उज्ज्वलाची डिसेंबरची रेघ सपाट होती. मार्चचीही सपाट यायला हवी होती.

डॉ. निलोफर काझी दुपारी आल्या तेव्हा मंदानं त्यांना पडदा दाखवला. डॉक्टरीणबाई तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“धान्य दर महिन्याला उचललंय. अंगठा लागलेला आहे. तरी भूक वाढतेय. म्हणजे सॉफ्टवेअर म्हणणार, ही बाई धान्य विकते.”

“विकत नाही ती.”

“तुमची नणंद आहे ना?”

“म्हणूनच सांगते, मॅडम. उपाशी मरेल, पण ताटातलं विकणार नाही.”

“मग जाऊन बघा काय आहे ते. अहवाल मला उद्या पाठवावाच लागेल. आरोप सिद्ध झाला तर तीन वर्षं योजनेतून बाहेर.”

संध्याकाळी मंदा उज्ज्वलाच्या खोलीवर गेली. धाकटी श्रावणी खिडकीत बसून वहीत काहीतरी काढत होती. अकरा वर्षांची पोर, सिकलसेलची. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. अंगातलं पाणी कमी झालं, ऊन लागलं, की त्या नसांमध्ये अडकतात आणि हाडं फुटावीत तशी कळ सुरू होते. टिनाच्या खोलीत राहत होते तेव्हा एका उन्हाळ्यात तिला चारदा भरती केलं होतं. या खोलीत आल्यापासून एकदाही नाही. मोठी सेजल कॉलेजातून यायची होती.

मंदा बसली आणि तिचा पाय खाटेखालच्या कशाला तरी लागला. वाकून पाहिलं, तर पत्र्याचे डबे. एक, दोन, तीन... सात. तिनं एकाचं झाकण उघडलं. काठोकाठ तांदूळ, वर कडुलिंबाचा पाला. दुसऱ्यात तुरीची डाळ.

उज्ज्वला दारात उभी होती. मेसवरून आली होती, हातापायांना पीठ.

“हे काय हाय, उजू?”

“पुढच्या उन्हाळ्यासाठी.”

“आणि तू काय खातेस?”

“सकाळी चहा. दुपारी मेसवर काही उरलं तर.”

श्रावणी वहीतून मान वर करून बघत होती. उज्ज्वलानं तिला खाली खेळायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

“मागच्या खेपेस काय झालं, तुले माहीत हाय ना वैनी? दोनदा चांगलं आलं, म्हणाले तुमी बऱ्या झाल्या. बऱ्या झाल्या म्हणून खोली काढून घेतली. पुन्हा टिन. पुन्हा माझी पोर खाटेवर. पुन्हा भूक दिसेपर्यंत, पुन्हा नंबर लागेपर्यंत वरीस गेलं.” तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ कोरडे पडले होते. “भरती झाली की तिले रक्त फुकट चढवतात. भरती होऊ नये म्हणून जी खोली हाय, तीच काढून घेतात. मग मी ठरवलं. त्यांना माझ्या केसात भूक पायजे ना? घ्या म्हटलं भूक.”

“अगं, मरशील.”

“मरत नाही. मोजून खाते. तू फक्त मशीन सांगते ते लिही.”

“मशीन सांगते की तू धान्य विकतेस!”

यावर उज्ज्वलाचा चेहरा एकदम पडला. तिनं हे हिशेबात धरलं नव्हतं. ती खाटेच्या कडेवर बसली. मग म्हणाली, “दादाच्या घरी मी येणार नाही. आधीच सांगते.” मंदानं ते विचारलंही नव्हतं.

घरी दिगांबरनं सगळं ऐकून घेतलं. सलूनमधून येताना आणलेली कांदाभजी तशीच कागदात पडली होती. त्याला बहिणीची काळजी होती आणि बायकोच्या नोकरीचीही.

“एक सांगू? तुझ्याकडे केसांची काय कमी हाय?” तो हळूच म्हणाला. “नमुना खराब झाला म्हणून दुसरा दे. वस्तीतल्या कोणत्या तरी भुकेल्या बाईचा, जी धान्य घेतच नाही तिचा. किंवा चांगल्या खाणारीचा दे, संशय तरी जाईल.”

“चांगला दिला तर खोली जाते. भुकेला दिला तर ती चोर ठरते.”

“मग थोडा थोडा भुकेला दे.”

मंदाला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही. नवरा वाईट बोलत नव्हता. जे शक्य होतं तेच सांगत होता. तिनंही केंद्रातून येताना वाटेत हाच विचार केला होता. पण आता त्याच्या तोंडून ऐकताना तिच्या अंगाची आग झाली.

“तीन महिन्यांनी पुन्हा बदलू? आणि मग पुन्हा? जन्मभर मी लोकांचे केस चोरत बसू, म्हणजे तुमच्या भाचीले सावली मिळेल? आपण काय केलं हाय, की आपण खोटं बोलायचं?”

“मग काय करणार हायेस?”

मंदानं भजी ताटात काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मेसवरून फोन आला. उज्ज्वला रोज खाणीतल्या कामगारांसाठी तीनशे पोळ्या लाटायची. त्या दिवशी दोनशेच्या आसपास असताना ती तव्यावरच कोसळली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ज्या हातानं इतक्यांना जेवायला घातलं त्या हाताला डॉ. काझींनी पट्टी बांधली. सलाईन लावलं, बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर मंदाजवळ बसल्या.

“अहवाल आज गेला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सकाळी सांगितलेलं डब्यांचं मी त्यात लिहिलंय. पण सुनावणी होईलच. पुढच्या महिन्यात.”

त्यानंतरचे आठ दिवस मंदा रोज नणंदेची वेणी घालायला जायची, कारण एका हातानं ते जमेना. उज्ज्वलाचे केस कमरेपर्यंत यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी विंचरताना मंदाचा हात मधेच थांबला. केसाची बट तिनं बोटांत धरली, मुळापासून खाली टोकापर्यंत नेली. मुळाशी तीन सेंटिमीटर. यंत्र तेवढंच वाचतं. आणि खाली? खाली साठ सेंटिमीटर. पाच वर्षं.

तिनं उज्ज्वलाला विचारून मुळापासून एक बट कापून घेतली आणि विंचरणं अर्धवट टाकून केंद्रात गेली.

“मॅडम, हे मशीन लांब केस वाचू शकते का?”

“वाचू शकतं. वेळ लागेल. पण नियम तीन सेंटिमीटरचाच आहे.”

“नियमाचं नाही विचारलं. मशीनचं विचारलं.”

डॉ. काझींनी तिच्याकडे पाहिलं. यंत्राची अचूकता तपासण्यासाठी त्यात एक चाचणीची सोय होती. त्यात नोंद योजनेकडे जात नसे, केंद्रातच राहत असे. “ताणाची नोंदही केसात असते,” त्या बटीचे तुकडे करता करता सांगत होत्या, “पण ती साबणानं, उन्हानं धुतली जाते, जुन्या केसात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. भुकेची मात्र केसाच्या घडणीतच असते. ती जात नाही.”

दोघी पडद्यापुढे बसल्या. रेघ डावीकडून सुरू झाली, पाच वर्षांपूर्वीपासून. चढलेली, थकलेली रेघ. मग एके ठिकाणी ती उतरू लागली आणि सपाट झाली. मंदानं उज्ज्वलाचं कार्ड काढून तारीख पाहिली. योजनेत पहिल्यांदा नाव लागलं तो महिना. सपाट रेघ सहा महिने चालली. मग ‘बरी झाली’ म्हणून काढल्याचं पत्र. पत्रानंतर पाच आठवडे होतात न होतात तोच रेघ पुन्हा वर. वर्षभर वर. पुन्हा योजना, पुन्हा सपाट. आणि शेवटी हा आताचा कडा.

“बरी झालीच नव्हती ती,” मंदा म्हणाली. “धान्य होतं म्हणून बरी होती.”

डॉ. काझींनी रेघ सुरुवातीपासून पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, “एका बाईची रेघ म्हणजे एका बाईची गोष्ट. समिती म्हणेल, योगायोग. काढून टाकलेल्या पन्नासेक घरांची रेघ असली तर कुणाला तसं म्हणता येणार नाही.”

“केस मी आणते.”

“मंदाताई, हे नियमाबाहेरचं आहे. तुमचं काम जाईल. माझीही बदली होईल.”

“तुमाले भीती वाटते?”

“वाटते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उद्या दहाला सुरू करू. केंद्राच्या वेळेत, उघड्या दारानं. लपूनछपून नाही.”

वस्तीत सांगायला मंदाला फार बोलावं लागलं नाही. ज्यांना एकदा तरी ‘बरं’ करून काढलं होतं, त्या बायका त्या पत्राचा कागद अजून जपून ठेवून होत्या. पण केस देण्याची भीती होती. योजनेचा रोष ओढवला तर आहे तेही जाईल. पहिल्या दिवशी पाचच आल्या. दुसऱ्या दिवशी जिल्हा कार्यालयातून केंद्रावर नोटीस लागली, की अनधिकृत नमुने देणाऱ्यांच्या लाभाचा फेरविचार होईल. नोटिशीखाली जिल्हा समन्वयक घोडमारे यांची सही होती.

ती वाचून मडावी आजी काठी टेकत आत आल्या. सत्तरीच्या, नातवंडांना एकट्यानं वाढवणाऱ्या. गुडघ्यापर्यंत पांढरी वेणी.

“कापा,” त्या म्हणाल्या.

“आजी, काडीएवढीच बट लागते.”

“काडीएवढी काहून? सारी घ्या. एवढ्या वर्षांची भूक काडीएवढ्यात मावते का?”

मंदानं बटच घेतली. पण आजी तासभर केंद्राच्या पायरीवर बसून राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला आत पिटाळत होत्या. शनिवारपर्यंत त्रेचाळीस झाल्या. सोमवारी मंदाला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. तिनं सरकारी कात्री, दोऱ्याची रिळं आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं, पोच घेतली आणि घरी आली.

दिगांबर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, “सुनावणीले मी सलून बंद ठेवतो. ते डबे काय तुम्ही बायका उचलणार हाय का?”

सुनावणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होती. बाहेर पारा सेहेचाळिसावर. समितीत दोघेच, घोडमारे साहेब आणि सिव्हिलमधून निवृत्त झालेले एक वयस्क डॉक्टर. घोडमारे काही दुष्ट माणूस नव्हता. नीटनेटका, कागदाला कागद जुळवणारा. त्यानं आरोप वाचून दाखवला. लाभार्थी श्रीमती उज्ज्वला लक्षणे यांनी उपचारार्थ दिलेलं धान्य विकल्याचा संशय.

दिगांबरनं एकेक करून सातही डबे आणले आणि टेबलावर मांडले. फायली बाजूला साराव्या लागल्या. उज्ज्वलानं उजव्या हातानं झाकणं उघडली.

“हे विकलेलं धान्य, साहेब.”

घोडमारेंनी एका डब्यात डोकावलं, पाला बाजूला केला. “मग आपण जाणूनबुजून उपाशी राहिलात?”

“हो.”

“हेही योजनेला फसवणंच झालं.”

“मी काही फसवलं नाही.” उज्ज्वला उभी राहिली. पट्टीतला हात तिनं छातीशी धरला होता. “तुमच्या मशीनले भूक पायजे होती. म्या देली. खरी देली, खोटी नाही. खोली राहायले भूक लागते, असा नियम तुमी केला. मी तो पाळला. आता गुन्हा माझा कसा?”

म्हाताऱ्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

घोडमारे म्हणाले, “बाई, ही विमा योजना आहे. ती आजारासाठी आहे, गरिबीसाठी नाही. आजार बरा झाला की उपचार थांबतो. तसं नसेल तर योजना चालायची कशी?”

मंदानं आणलेला लांब कागद भिंतीवर धरला. दुसरं टोक डॉ. काझींनी धरलं. त्रेचाळीस रेघा एकाखाली एक. प्रत्येक रेघेवर लाल टिंब, जिथं त्या घराला ‘बरं झालं’ असं पत्र मिळालं ती जागा. लाल टिंबाच्या आधी रेघ सपाट, नंतर चढलेली. त्रेचाळिसांपैकी एक्केचाळिसांत.

“साहेब, मी दहावी झाली हाय,” मंदा म्हणाली. “मले एक समजावून सांगा. तुमी मघाशी आल्या आल्या एक गोळी घेतली. कशाची?”

“ब्लडप्रेशरची. त्याचा इथं काय संबंध?”

“गोळी घेतल्यावर प्रेशर बरोबर येते ना?”

“येतं.”

“मग बंद काहून नाही करत? बरे झाले ना तुमी?”

म्हातारे डॉक्टर खोकल्यासारखं काहीतरी करून रुमालात तोंड घालून बसले. घोडमारेंचा चेहरा तापला होता, पण ते कागदाकडे पाहत राहिले, एकेका रेघेवरून बोट न लावता नजर फिरवत. शेवटी म्हणाले, “धान्य विकल्याचा आरोप मागे घेतो. नियम बदलणं मात्र या टेबलाच्या हातात नाही. जूनमध्ये सगळ्या वस्तीचं वाचन आहे. ज्यांची रेघ दुसऱ्यांदा सपाट येईल, त्यांना काढावंच लागेल.”

“मग जूनमध्ये वाचायले केस मिळणार नाही,” मंदा म्हणाली.

हे तिनं ठरवून आणलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग तिच्या लक्षात आलं, की निघायला हवं तेच निघालं. डॉ. काझींनी शांतपणे नियमावली उघडली आणि एक कलम वाचलं. नमुन्याच्या निष्कर्षाविना कोणत्याही कुटुंबाचा उपचार बंद करता येणार नाही. कुणा अधिकाऱ्यानं मनमानी करू नये म्हणून ते घातलेलं होतं.

“केस बळजबरीनं घेता येतो का, सर?” त्यांनी विचारलं.

“नाही,” म्हातारे डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. “शरीराचा नमुना संमतीशिवाय घेता येत नाही. चाळीस वर्षं तेच शिकवलं मी.”

जूनमध्ये बाहेरगावची नवी केशसेविका आली. नवं ओळखपत्र, नवी कात्री. सातनळीत सगळ्या बायका डोक्याला रुमाल घट्ट बांधून फिरत होत्या. पोरगी दारोदार गेली. सगळ्यांनी तिला पाणी दिलं, सावलीत बसवलं, एकीनं भात वाढला. केस कुणी दिला नाही. संगणकावर सातनळीच्या एकशे बारा घरांपुढे एकच शेरा येत राहिला : नमुना प्रलंबित. सप्टेंबरमध्येही तेच. डिसेंबरमध्येही तेच.

फुकटचं धान्य खायला सोकावलेली वस्ती, असं एका वर्तमानपत्रात छापून आलं. उज्ज्वलानं ते सेजलकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि म्हणाली, “छापणाऱ्याले म्हणा, एक उन्हाळा टिनाखाली राहून दाखव.” तिचा हात बरा झाला होता, पण मूठ पूर्ण मिटत नव्हती. ती आता मेसवर पोळ्या लाटायची नाही, भाजी चिरायची. आणि जेवायची. पहिले काही दिवस पोटभर जेवताना ती इकडे तिकडे बघायची, कुणी लिहून तर घेत नाही ना अशी.

डॉ. काझींची बदली झाली, दूर, पार जंगलातल्या केंद्रावर. जाताना त्या त्रेचाळीस रेघा घेऊन गेल्या आणि तिथून त्यांनी त्यांचा शोधनिबंध पाठवला. तो कुणी वाचला असेल-नसेल, पण विम्याच्याच लोकांपुढे दुसरा एक आकडा आपोआप आला होता. पुढचा मे महिना गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यांत तापलेला होता. शहराच्या इतर वस्त्यांतून माणसांना गाड्या भरभरून दवाखान्यात आणलं जात होतं. सातनळीतून त्या महिनाभरात भरती झाले चौघे. श्रावणी त्यात नव्हती. ती खिडकीत बसून सहावीच्या सुट्टीत पुस्तकं वाचत होती.

त्या पावसाळ्यात मुंबईहून परिपत्रक निघालं. चंद्रपूर जिल्ह्यापुरतं, प्रायोगिक तत्त्वावर. ‘अभाव बरा झाला’ हे शब्द काढून ‘उपचाराने स्थिर’ असे शब्द घातले होते आणि स्थिर असलेल्या घराचा उपचार चालू राहील असं म्हटलं होतं. कमाई वाढली तरच फेरविचार, तोही वर्षातून एकदा.

परिपत्रकासोबत मंदाला वेगळं पत्र आलं. शिस्तभंगाबद्दल खेद व्यक्त केल्यास पुन्हा नेमणूक देण्याचा विचार करता येईल. खाली सहीसाठी रेघ आखलेली. दिगांबरनं पत्र दोनदा वाचलं आणि तिच्यापुढे पेन ठेवलं नाही.

पार्लर पुन्हा सुरू झालं होतं. एका सकाळी दारात तीन अनोळखी बायका उभ्या राहिल्या. शेजारच्या जिल्ह्यातल्या, पहाटेच्या एसटीनं आलेल्या. तिकडे अजून जुनाच नियम होता. त्यांच्यातल्या एकीच्या हातात तिचं ‘बरी झाल्याचं’ पत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. काझी मॅडमच्या नव्या केंद्रावर केस वाचतात असं ऐकलं होतं, पण मुळापासून नीट कापायचा कसा ते कुणाला येत नव्हतं.

मंदा त्यांना बसवते न बसवते तोच फोन वाजला. घोडमारे होते. आवाज अवघडलेला.

“मंदाताई, कानावर आलं म्हणून विचारतो. बाहेरच्या जिल्ह्यातल्या लोकांना तुम्ही... म्हणजे आपल्याकडे आता सगळं सुरळीत झालंय. तिकडचं त्यांना बघू द्या ना. तुम्हाला आता तसा अधिकारही नाही.”

“कात्रीचं म्हणता का, साहेब? सरकारी कात्री मी परत केली. पोच हाय माझ्याकडे,” मंदा म्हणाली. “ही माझी स्वतःची हाय.”

तिनं फोन खाली ठेवला आणि पहिल्या बाईच्या डोक्यावरचा रुमाल सोडला.